माथेरानला दोन मुक्काम, पाठीवर एकच सॅक : पावसाळ्यातल्या छोट्या सहलीचे सामान कसे भरावे

छोट्या सहलीला किती सामान न्यावे, हा प्रश्न घराच्या दारातून थेट गाडीच्या डिकीत बॅग टाकणाऱ्याला फारसा छळत नाही. माथेरानला मात्र तो दस्तुरी नाक्यावर समोर येऊन उभा राहतो. तिथून पुढे मोटारगाड्यांना बंदी आहे. बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर अंतर अमन लॉज स्थानकावरून सुटणाऱ्या शटल गाडीने, घोड्यावरून किंवा सरळ चालत कापावे लागते. ई-रिक्षा आल्या आहेत, पण त्या मोजक्या असल्यामुळे गर्दीच्या दिवशी त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. १९०७ पासूनची नेरळची झुकझुकगाडी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज या घाटाच्या टप्प्यात बंद असते, त्यामुळे ऑगस्टमध्ये जाणाऱ्याने टॅक्सीने दस्तुरी गाठायची आणि तिथून पुढे आपले ओझे आपणच वाहायचे, असे मनाशी धरून निघालेले बरे. लाल चिखलातून चाकांची बॅग ओढत नेणारे लोक दर शनिवारी तिथे दिसतात. शंभर पावलांत चाके चिखलाने गच्च होतात आणि मग तीच बॅग हातात उचलून चालावे लागते.

या लेखात शनिवार, रविवार आणि त्याला जोडून आलेली सोमवारची सुट्टी, म्हणजे दोन मुक्काम आणि तीन दिवस, असा हिशेब धरला आहे. पावसाळा मुद्दाम निवडला आहे, कारण कमी सामानाची खरी परीक्षा कपडे वाळत नाहीत अशाच दिवसांत होते. पावसाळ्यातली सॅक जमली की हिवाळ्यातली आपोआप जमते.

आधी चौकशी, मग यादी

सामान भरण्याची सुरुवात कपाटापाशी न करता फोनपाशी करावी. जिथे उतरणार आहात तिथे बुधवारीच फोन करून चार गोष्टी विचाराव्यात : टॉवेल आणि पांघरूण मिळते का, आंघोळीला गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत असते, वीज गेल्यावर इन्व्हर्टर किंवा जनरेटर चालतो का, आणि खोलीत पंखा आहे का. पंख्याची चौकशी थंड हवेच्या ठिकाणी विचित्र वाटेल, पण ओले कपडे वाळवायला पावसाळ्यात त्याच्याइतके कामाचे दुसरे साधन नाही. या चार उत्तरांवर निदान दीड किलो सामान ठरते. पांघरूण मिळणार असेल तर सोलापुरी चादर घरी राहते आणि टॉवेल मिळणार असेल तर फक्त पंचा पुरतो.

जेवणाचीही चौकशी याच वेळी करावी. माथेरानच्या अनेक जुन्या हॉटेलांत राहण्याच्या दरातच जेवण, नाश्ता आणि चहा धरलेला असतो. तसे असेल तर घरून डबे भरून नेण्यात अर्थ नाही, प्रवासातली एक वेळ आणि फिरतानाची भूक एवढेच भागवायचे असते.

सॅक आधी निवडावी

बहुतेक घरांत सामान आधी पलंगावर जमते आणि मग ते मावेल अशी बॅग शोधली जाते. क्रम उलटा ठेवावा. आधी सॅक ठरवावी आणि तिच्यात जे मावेल तेवढेच न्यावे, कारण बॅग मोठी असली की रिकामी जागा कोणालाच बघवत नाही आणि ‘असू दे, लागेल कदाचित’ म्हणून ती भरली जाते. दोन मुक्कामांसाठी २५ ते ३० लिटरची पाठीवरची सॅक पुरते. शाळा-कॉलेजात किंवा ऑफिसला नेतात ती सॅक साधारण याच मापाची असते, त्यामुळे नवीन विकत घेण्याची घाई करू नये. छातीवरचा किंवा कमरेचा पट्टा असेल तर चांगलेच, कारण उतारावर सॅक इकडेतिकडे हलत नाही. एका खांद्यावर लटकवायची डफल बॅग मात्र चालत जायच्या ठिकाणी नेऊ नये, कारण सगळे वजन एकाच बाजूला येते आणि छत्री धरायला हातही मोकळा राहत नाही.

सॅकचे स्वतःचे वजनही बघावे. छोटी ट्रॉली बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते, साधी सॅक सहाशे ते नऊशे ग्रॅममध्ये येते. म्हणजे एकही कपडा न भरता दोन किलो वाचले. मुंबईहून कर्जतच्या लोकलने नेरळला जाणाऱ्यांसाठी सॅकचा आणखी एक फायदा असा, की गर्दीत ती पुढे, पोटाशी घेता येते.

कपडे : दिवसांवर मोजू नयेत

सामानाचे वजन वाढते ते कपड्यांमुळे, आणि कपडे वाढतात ते दिवसांवर मोजल्यामुळे. तीन दिवस म्हणून तीन जोड, पावसात भिजणार म्हणून आणखी दोन, रात्रीचे वेगळे, शिवाय फोटोसाठी एखादा चांगला, असा हिशेब सुरू झाला की तो थांबत नाही. आणि गंमत अशी, की पावसाळ्यात हे सगळे पाच जोड भिजतात, एकही वाळत नाही, आणि सोमवारी ओल्या कपड्यांनी फुगलेली दुप्पट जड बॅग घेऊन परत यावे लागते.

त्याऐवजी कपड्यांची वाटणी ओले आणि कोरडे अशी करावी. एक जोड भिजण्यासाठी, एक खोलीत आणि रात्री घालण्यासाठी, एक परतीच्या प्रवासासाठी. भिजण्याचा जोड म्हणजे घरून अंगावर घालून निघालेला जोड. शनिवारी तो भिजणार, संध्याकाळी तो पिळून पंख्याखाली टाकायचा आणि रविवारी सकाळी, जरा दमट असला तरी, पुन्हा तोच घालून बाहेर पडायचे. दारात गेल्यावर पाचव्या मिनिटाला पाऊस भेटणारच असतो, मग कोरडा कपडा घालून तो भिजवण्यात काय हशील? रात्रीचा जोड काही झाले तरी बाहेर न्यायचा नाही. संध्याकाळी पाऊस थांबलेला दिसला आणि ‘जरा कोपऱ्यावर चहा घेऊन येऊ’ असे कोणी म्हटले, तरी ओला जोड चढवूनच जावे. हा नियम पाळायला जड जातो हे खरे, पण कमी कपड्यांचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. परतीचा जोड पिशवीत बांधून ठेवायचा आणि सोमवारपर्यंत ती पिशवी उघडायचीही नाही.

कापड कोणते, यावर बरेच अवलंबून आहे. सुती धागा पाणी आत शोषून धरतो. पॉलिएस्टरसारखा धागा पाणी जवळपास शोषतच नाही, ते फक्त विणीच्या फटींत अडकते आणि पिळले की बरेचसे निघून जाते. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की कपड्यातल्या पाण्याची वाफ व्हायला वावच उरत नाही. म्हणून जो कपडा मुळात कमी पाणी धरतो तोच सकाळपर्यंत घालण्याजोगा होतो. या हिशेबात जीन्स पूर्णपणे नापास होते. कोरडी असतानाच सहाशे ते आठशे ग्रॅम, भिजल्यावर त्याहून कितीतरी जड, पायाला घासणारी आणि दोन दिवसांत न वाळणारी जीन्स पावसाळ्यात घरीच राहू द्यावी. व्यायामासाठी मिळते ती पातळ ट्रॅक पँट किंवा ट्रेकवाले वापरतात ती पँट अडीचशे-तीनशे ग्रॅमची असते आणि रात्रभरात बऱ्यापैकी वाळते.

म्हणजे सॅकमध्ये जाणारे कपडे असे : परतीसाठी एक पातळ पँट आणि एक टी-शर्ट, रात्रीसाठी पायजमा आणि दुसरा टी-शर्ट, अंतर्वस्त्रांचे तीन जोड, मोज्यांचे दोन जोड आणि एक पातळ स्वेटर किंवा पूर्ण बाह्यांचा जाकिटासारखा उबदार कपडा. माथेरान सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे. पावसात भिजून वाऱ्यात उभे राहिले की अंगात हुडहुडी भरते, म्हणून उबदार कपड्याच्या बाबतीत काटकसर करू नये. या सगळ्याचे वजन दीड किलोच्या आसपास भरते. एकच शर्ट दोन दिवस घालणे ज्यांना अजिबात रुचणार नाही त्यांनी आणखी एक टी-शर्ट घ्यावा, दीडशे ग्रॅमने काही बिघडत नाही. पण तिथेच थांबावे.

रंग गडद निवडावेत. माथेरानची माती जांभ्या दगडाची, लाल आहे आणि तिचे डाग पांढऱ्या कपड्यावरून सहजी जात नाहीत.

सलवार-कुर्ता घालणाऱ्यांनी सलवारीऐवजी घोट्यापर्यंतची लेगिंग किंवा आखूड पँट घ्यावी, कारण पायघोळ सलवार चिखलात गुडघ्यापर्यंत भिजते. ओढणी मात्र जरूर न्यावी : डोक्याला, गळ्याला, लोकलमध्ये वाऱ्यापासून, खोलीत लहान मुलाच्या अंगावर, अशी ती चार ठिकाणी उपयोगी पडते. ज्या स्त्रियांना साडीच सोयीची वाटते, त्यांच्यासाठी दोन सिंथेटिक साड्या आणि त्यांच्यावर चालेल असा एकाच गडद रंगाचा परकर हा सर्वांत हलका मार्ग आहे. सुती साडी वजनाला फार नसली, तरी ओली झाल्यावर वाळायला पूर्ण दांडी अडवते आणि तरीही वाळत नाही.

पंचा आणि त्याची करामत

घरातला टर्किश टॉवेल चारशे ते सहाशे ग्रॅमचा असतो आणि एकदा ओला झाला की सहल संपेपर्यंत ओलाच राहून कुबट वास मारू लागतो. त्याच्या जागी साधा सुती पंचा घ्यावा. तो शंभर-दीडशे ग्रॅमचा असतो, घडी केली की हाताच्या पंजाएवढा होतो आणि पातळ असल्यामुळे पंख्याखाली लवकर वाळतो. सुती कापड नको म्हणून वर एवढे सांगितल्यावर पंच्याची शिफारस उलटी वाटेल, पण इथे पाणी शोषणे हेच त्याचे काम आहे.

पंच्याने कपडे वाळवण्याची एक पद्धत आहे आणि ती शिकून घेण्यासारखी आहे. ओला टी-शर्ट आधी हाताने नेहमीसारखा पिळावा. मग कोरडा पंचा पलंगावर किंवा स्वच्छ फरशीवर पूर्ण पसरावा, त्यावर टी-शर्ट सुरकुत्या काढून सपाट ठेवावा आणि दोन्ही मिळून एका टोकाकडून घट्ट गुंडाळत जावे. गुंडाळी झाली की तिचे एक टोक दुसऱ्या माणसाला धरायला द्यावे आणि दोघांनी विरुद्ध दिशांना पीळ द्यावा. एकटे असाल तर गुंडाळीवर अनवाणी उभे राहून टाचांनी दाबत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावे. उघडल्यावर पंचा ओलाचिंब आणि टी-शर्ट नुसता दमट झालेला दिसेल. पंचा पिळून पुन्हा वापरता येतो, पण पॅंटसाठी शक्यतो तो आधी चांगला झटकून घ्यावा. नंतर टी-शर्ट हँगरला अडकवून पंख्याच्या थेट खाली टांगावा. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला कपडा दुमडीपाशी ओलाच राहतो. चार मीटर नायलॉनची दोरी सोबत असली की खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दांडी तयार होते. तिचे वजन नगण्य आहे.

वीज गेली तर पंखा थांबतो, पण एवढे पिळलेला कपडा अंगावर घालून पंधरा-वीस मिनिटे चालले की शरीराच्या उबेने उरलेला दमटपणाही कमी होतो.

पायांची व्यवस्था

पादत्राणे दोनच असावीत, एक पायात आणि एक सॅकमध्ये, आणि त्यातले जड ते पायात. पावसाळ्यात माथेरानच्या पायवाटांवर जांभ्या दगडावर शेवाळ धरते आणि पॉइंटांच्या कडेला पाय घसरणे परवडणारे नसते, म्हणून तळव्याला खोल खाचा असलेला बूट घालावा. झिजलेल्या तळव्याचे रोजचे स्पोर्ट्स शूज दिसायला चांगले असले तरी या कामाचे नाहीत. ते वापरायचेच असतील तर नळाखाली ओल्या फरशीवर आधी उभे राहून बघावे. बूट नको असतील तर मागे पट्टा असलेले फ्लोटर्स चालतात. त्यांना वाळण्याची चिंता नसते, फक्त बोटांना ठेच लागू शकते.

सॅकमध्ये खोलीत आणि बाथरूममध्ये वापरायला रबरी स्लीपर ठेवावी. ती जेमतेम तीनशे ग्रॅमची असते. रात्री बुटांतले तळ बाहेर काढून बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि झोपण्यापूर्वी एकदा ते बदलावेत. कागद ओल ओढून घेतो. वर्तमानपत्र घरून नेण्याची गरज नाही, ते हॉटेलात किंवा दुकानात मिळते. मोज्यांचा एक जोड मात्र फक्त रात्रीसाठी कोरडा राखावा, कारण दिवसभर भिजून पांढरे पडलेले पाय रात्री कोरडे राहिले नाहीत तर दुसऱ्या दिवशी बूट चावतात.

पावसापासून बचाव

छत्री, रेनकोट की पोंचो, यावर घरोघरी वाद होतात. बाजारपेठेत फिरायला छत्री चांगली, पण कड्याच्या टोकावर वारा तिला उलटी करतो आणि तिच्यात एक हात कायमचा अडकतो. दोन तुकड्यांचा रेनकोट सर्वांत भक्कम, पण चढावर चालताना आत घाम साचून माणूस आतूनच भिजतो. पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायची अखंड झूल, सॅकसकट अंग झाकते, हवा खेळती ठेवते आणि घडी करून बाहेरच्या खिशात बसते. वारा सुटला की ती फडफडते हा तिचा दोष. माझे मत पोंचोच्या बाजूचे आहे, मात्र घरात चांगला रेनकोट असेल तर केवळ या सहलीसाठी पोंचो घेऊ नये. दोन्हींपैकी एकच न्यावे. चार जणांत मिळून एक घडीची छत्री असू द्यावी.

सॅकवर बाहेरून घालायचे कव्हर पुरेसे नसते, कारण पाठ आणि सॅक यांच्या मधून ओघळणारे पाणी ते अडवू शकत नाही. खरा बचाव आतून करायचा असतो. साखरेच्या गोणीच्या आत असते तसली जाड प्लास्टिकची मोठी पिशवी सॅकमध्ये अस्तरासारखी पसरावी, सगळे सामान तिच्यात भरावे आणि वरचे तोंड तीन-चार पिळे देऊन सॅकच्या आत खोचावे. ही पिशवी टिकाऊ असते, वर्षानुवर्षे वापरता येते आणि परत आणायचीच असते. पातळ कॅरीबॅगांना राज्यात बंदी आहे आणि माथेरानच्या जंगलात त्या टाकून येणे तर अक्षम्यच आहे.

छोट्या वस्तूंची पिशवी

टूथपेस्टची अख्खी ट्यूब, शाम्पूची बाटली आणि साबणाची डबी मिळून अर्धा किलो सहज भरतात. तीन दिवसांना संपत आलेली छोटी ट्यूब, शाम्पूच्या दोन पुड्या आणि घरातल्या साबणाचा सुरीने कापलेला तुकडा पुरतो. तेल न्यायचेच तर औषधाच्या रिकाम्या छोट्या बाटलीत न्यावे आणि झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा ठेवून ते घट्ट लावावे. कंगवा, दाढीचे सामान, सॅनिटरी पॅड या आपापल्या गरजेच्या वस्तू आहेत. त्यात कोणी कोणाला उपदेश करू नये. पॅड मात्र पाळीची तारीख दूर असली तरी घ्यावेत.

औषधांच्या बाबतीत वजनाचा विचार करू नये, ती मुळातच हलकी असतात. रोजच्या गोळ्या तीन दिवसांऐवजी पाच दिवसांच्या घ्याव्यात, म्हणजे दरड कोसळून घाट बंद झाला तरी अडचण होत नाही. पॅरासिटामॉल, ओआरएसच्या दोन पुड्या, चिकटपट्ट्या, जंतुनाशक मलम, बाम आणि डासांचे मलम एवढे बाकी घ्यावे. नेरळ ते दस्तुरी घाट वळणावळणाचा आणि चढणीचा आहे, म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी नेरळला टॅक्सीत बसताना न घेता किमान अर्धा तास आधी, लोकलमध्ये असतानाच घ्यावी.

वीज, कागद आणि पैसे

लॅपटॉप नेऊ नये, याहून जास्त त्यावर बोलण्यासारखे नाही. चार्जर एका खोलीत एकच पुरतो, कारण आता बहुतेक फोनांची पिन सारखीच असते. दहा हजार एमएएच क्षमतेची पॉवर बँक सव्वा दोनशे ग्रॅमच्या आसपास असते आणि दोन जणांना दोन दिवस तारून नेते. टॉर्च मात्र वेगळी, डोक्याला लावायची किंवा छोटी हातातली घ्यावी. पावसात वीज गेल्यावर झाडांखालच्या वाटेवर मिट्ट काळोख होतो आणि फोनच्या उजेडात चालले की वाट दिसते, पण बॅटरी संपते.

आधार कार्डाची एक छायाप्रत झिपलॉक पिशवीत ठेवावी. रेल्वेत डिजिलॉकरमधले आधार चालते, पण हॉटेलवाले बहुधा कागद मागतात आणि पावसात रेंज असेलच असे नाही. रोख रक्कम सुट्ट्या नोटांत बाळगावी, कारण दस्तुरीला प्रवेशकर भरायचा असतो आणि घोडेवाले, हमाल, चहावाले यांच्याशी व्यवहार करताना नेटवर्क गेले तर खोळंबा होतो. पैशांचे दोन भाग करावेत, एक खिशात आणि एक सॅकच्या आतल्या चोरखिशात.

खाऊ आणि माकडे

प्रवासासाठी दशम्या, चटणी आणि थोडा चिवडा उत्तम. दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. स्टीलचा डबा न नेता ती सुती फडक्यात गुंडाळावी, डब्याचे दोन-अडीचशे ग्रॅम वाचतात आणि फडके नंतर हात पुसायला होते. फिरताना भूक लागली तर शेंगदाण्याचे लाडू किंवा चिक्की यांसारखे कमी जागेत पोट भरणारे काहीतरी जवळ असावे. पाण्याची एक लिटरची बाटली एकच न्यावी आणि हॉटेलात भरून घ्यावी, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे.

माथेरानची माकडे हातातली पिशवी हिसकावतात, हे गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यांना पिशवीचा आवाज आणि आकार ओळखीचा झाला आहे. म्हणून हातात काहीही लोंबकळत ठेवू नये, खाऊ सॅकच्या बाहेरच्या खिशात ठेवू नये आणि उघड्यावर सॅकची चेन उघडून काही शोधत बसू नये. पाठीवर एकच बंद सॅक असण्याचा हा फायदा माथेरानला पहिल्याच वळणावर कळतो.

सॅक भरण्याचा क्रम

गुरुवारी रात्री सगळे सामान पलंगावर मांडावे. शुक्रवारी ऐनवेळी भरायला घेतले की हात आपोआप सैल सुटतो. कपडे घडी न करता गुंडाळावेत : टी-शर्ट उलटा पसरून बाह्या आत दुमडाव्यात आणि खालून वर घट्ट गुंडाळत जावे. परतीचा जोड वेगळ्या पिशवीत बांधून सर्वांत तळाशी ठेवावा, कारण तो शेवटी लागणार आहे. त्यावर रात्रीचा जोड आणि स्वेटर. वजनदार वस्तू, म्हणजे खाऊ, चार्जर, पॉवर बँक, छोट्या वस्तूंची पिशवी, या मध्यावर आणि पाठीच्या बाजूला याव्यात. त्या बाहेरच्या बाजूला गेल्या की सॅक मागे ओढते आणि खांदे दुखतात. सगळ्यात वर पोंचो आणि पंचा. स्लीपरचे तळवे एकमेकांवर ठेवून, पिशवीत घालून बाजूला उभे खोचावेत. एक जाड रिकामी पिशवी ओल्या कपड्यांसाठी आणि एक कचऱ्यासाठी घडी करून ठेवावी.

मग सॅक पाठीला लावून वजनकाट्यावर उभे राहावे, नंतर सॅकशिवाय उभे राहावे आणि फरक काढावा. पाण्याशिवाय पाच किलोच्या आत आले तर सामान नीट जमले. अंदाज असा : सॅक आठशे ग्रॅम, कपडे दीड किलोहून किंचित जास्त, पंचा दीडशे, पोंचो किंवा रेनकोट पाचशेपर्यंत, स्लीपर तीनशे, साबण वगैरे चारशे, वीजवस्तू साडेचारशे, औषधे दीडशे, खाऊ पाचशे. बेरीज पावणेपाच किलोच्या आसपास जाते आणि पाण्यासह पावणेसहा. सहा किलोच्या वर गेले तर एकेक वस्तू हातात घेऊन विचारावे, की ही नसली तर माथेरानच्या बाजारात मिळेल का. मिळणार असेल तर ती बाहेर काढावी. औषध, चष्मा आणि कोरडे मोजे यांना हा प्रश्न विचारू नये.

भरलेली सॅक लावून घरातच दोन मजले जिने चढून-उतरून बघावे. पट्टा काचतो की नाही हे तिथेच कळते.

कुटुंबासह जाताना

चार जण असले की ओझे चौपट व्हायला नको. पेस्ट, साबण, चार्जर, औषधे, दोरी, टॉर्च या वस्तू सामाईक असतात आणि त्या दोन सॅकमध्ये वाटून टाकाव्यात. सात-आठ वर्षांच्या मुलाला त्याची छोटी सॅक द्यावी, पण तिच्यात त्याचा रेनकोट, पाण्याची लहान बाटली आणि एखादे खेळणे यापेक्षा जास्त काही नको, कारण थकल्यावर ती शेवटी आईबाबांच्याच खांद्यावर येते. लहान मुलांना कपड्यांचा वरचा नियम लावू नये. त्यांना दोन जोड जास्त घ्यावेत, त्यांचे कपडे वजनाला फारसे नसतात. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांची सॅक रिकामी ठेवून हातात काठी द्यावी आणि दस्तुरीला हमाल करावा. दर आधी ठरवून घेतला की दोघांनाही बरे.

दुसरीकडे जायचे असेल तर

डिसेंबरात महाबळेश्वरला जाताना पोंचो, दोरी आणि ओल्या कपड्यांची पिशवी वगळून त्याच वजनात कानटोपी आणि आणखी एक उबदार कपडा येतो. दापोली-गुहागरकडे समुद्रावर जाताना बुटांऐवजी फ्लोटर्स घालावेत आणि पाण्यात उतरायचा वेगळा जोड घ्यावा. तो मिठाचा आणि वाळूचा असल्यामुळे इतर कपड्यांत मिसळू देऊ नये. विमानाने जाणाऱ्यांना देशांतर्गत प्रवासात साधारणपणे सात किलोची हातबॅग सोबत नेता येते, त्यामुळे ही सॅक तशीच चालते. फक्त पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकता येत नाही, ती जवळच ठेवावी लागते, आणि सुरी-कात्री घरी ठेवावी.

सोमवारी रात्री

घरी आल्यावर सॅक कोपऱ्यात टेकवून ठेवू नये, दमट सॅकला दोन दिवसांत बुरशी धरते. ओल्या कपड्यांची पिशवी थेट बादलीत रिकामी करावी. लाल चिखल आधी नुसत्या पाण्यात खळबळून काढावा आणि मगच साबण लावावा, कारण मातीसकट घासले की डाग धाग्यात मुरतो. अस्तराची पिशवी उलटी करून दांडीवर टाकावी, सॅकच्या सगळ्या चेना उघडून ती पंख्याखाली ठेवावी. साबण, पेस्ट, औषधे आणि दोरी यांची पिशवी मात्र मोडू नये. जे संपले ते त्याच आठवड्यात भरून ती पिशवी सॅकमध्येच ठेवून द्यावी, आणि तीन दिवसांत ज्या वस्तूला हातही लागला नाही ती, औषधे आणि टॉर्च वगळून, यादीतून तेव्हाच खोडून टाकावी.